मुका वेढा

८ जानेवारी

प्रिय दादा,

हे पत्र तू उघडलंस, म्हणजे पाकिटावरचं अक्षर ओळखूनही फाडलं नाहीस. आजच्यापुरतं मला तेवढं पुष्कळ आहे. उत्तराची घाई नाही. सहा वर्षं तू फोन उचलला नाहीस. पत्राला चटकन उत्तर देशील, एवढी भोळी मी राहिलेले नाही. (कधी होतीस, असं म्हणशील.)

पत्ता आपल्या गल्लीतल्या क्रेनवाल्याने दिला. सुट्टीवर आला होता. म्हणाला, "तुझा भाऊ आमच्याच गोदीत आहे, मोटरींच्या शेडमध्ये. कागदावर हेल्पर. पण मोटर अडली की साहेब आधी त्यालाच हाक मारतात." हे ऐकून आई हसली आणि मग भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.

बाबा बरे आहेत, असं लिहायचं ठरवून बसले होते. ते खोटं होईल. मागच्या मे महिन्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कळतं सगळं. डाव्या हाताने खाटेच्या कडेवर टकटक करतात. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. आई म्हणते, पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. मोटरबांधणीच्या दुकानाचं शटर तेव्हापासून खाली आहे.

मला नोकरी लागली. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने बाबांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावलंय. मी ते दोनदा काढून ठेवलं, तिने दोनदा परत लावलं. तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

मी काम करते ती जागा तुला माहीत आहे. जुन्या टपाल कचेरीची मागची खोली, पत्रं निवडायची. भिंतीवरचे लाकडी खण तसेच आहेत. त्यांत आता हेडफोन ठेवतो. एका कचेरीने टाकून दिलेले चौदा संगणक आम्ही दुरुस्त करून घेतलेत. शाळेच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई आठवतात? पुस्तकाचं पान मुडपलं तर डोळ्यांनी जाळायच्या त्या. त्या निवृत्त झाल्या आणि ही खोली उघडून बसल्या. दारावर पाटी आहे: 'इथे सगळं फुकट. वेळेचं बंधन नाही.' दुसरं वाक्य माझ्या हट्टाने आलं. का, ते असो.

दादा, या खोलीत मी जे रोज बघते ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि आठवतोस तूच. गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या एक काकू आल्या. सोड्याने हात फाटलेले. माउसला बोट लावायच्या आधी दोनदा ओढणीला हात पुसले. म्हणाल्या, "यात काय काय असतं गं?"

मी म्हटलं, "सगळं."

"सगळं म्हणजे? माझं घर आहे?"

मी उपग्रहाचा नकाशा उघडला आणि रुग्णालयापासून त्यांच्या गल्लीपर्यंत त्यांनाच बोटाने जायला लावलं. पत्र्यांची रांग आली, आणि एका पत्र्यावर निळा ठिपका. काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ताडपत्री! मीच टाकली ती, या हातांनी!" बाजूच्या दोन बायका मान वाकवून बघायला लागल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "बघा, म्हणजे आभाळातून माझं गळकं छत दिसतं, आणि घरमालकाला जिन्यातून दिसत नाही."

सगळी खोली हसली. पण काकू आठवड्याने परत आल्या तेव्हा त्यांच्या नखांत डांबर होतं. छप्पर दुरुस्त कसं करायचं ते त्यांनी त्याच दिवशी आमच्याकडे तीनदा बघितलं होतं आणि केलंही. मी त्या नखांकडे बघत राहिले. एक माणूस आत येतं, काहीतरी बघतं, आणि जाऊन छप्पर घालतं. इतकं साधं आहे हे. आणि इतकी वर्षं हे दार बंद का होतं?

आईने निरोप सांगितलाय, जेवत जा.

तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला राग येईल अशी एक गोष्ट केली आहे. मीच सांगितलेली बरी.

बाबांची वही मी सगळ्यांसाठी खुली केली.

तीच, उशाखालची. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक मोटरीचं एक पान: वरती मोटरीचं चित्र, खाली खाचांचा नकाशा, आणि कॉइलमध्ये तारेचे किती वेढे घालायचे ते. अक्षर येत नसल्याने त्यांची ती गोल-रेघांची लिपी. एक वर्तुळ म्हणजे दहा, एक रेघ म्हणजे एक. दोनशे बारा पानं. मी खिडकीच्या उजेडात एकेक पानाचा फोटो काढला, वर्तुळं-रेघा मोजून आकडे टाइप केले, आणि त्याला धडे जोडले: तार कशी निवडायची, ती गुंडाळायचा फर्मा कसा करायचा, वार्निश कधी घालायचं. अगदी नवशिक्यालाही कळेल असं.

आधी बाबांना विचारलं. "ठेवू का सगळ्यांसाठी? कुणीही घेईल, फुकट." ते खूप वेळ छताकडे बघत होते. ज्या माणसाने सख्ख्या भावाला ती वही दाखवली नाही, त्याला मी हे विचारत होते. मग टक, टक. मला वाटलं चुकून झालं, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा, जरा जोरात. आई म्हणाली, "हो म्हणतायत, किती वेळा बोलवशील त्यांना!"

आता ऐक. पहिल्या आठवड्यात तीस जणांनी वही उतरवून घेतली. मला वाटलं, आपलेच असतील. दुसऱ्या आठवड्यात तीनशे. काल चार हजार झाले. आमच्याकडे एक नकाशा आहे. जिथे कुणी धडा उघडतं तिथे ठिपका उमटतो. मी सकाळी तो उघडते आणि चहा गार होतो. एक ठिपका समुद्राच्या मधोमध आहे, दादा. मला वाटलं बिघाड. तिथे बेट निघालं. तीनशे माणसं आणि एक पिठाची चक्की. तिची मोटर बाबांच्या एक्केचाळिसाव्या पानावरून बांधली. कुणीतरी अख्खी वही वाचून तिचा आवाज ठेवलाय, कारण त्याच्या गावचा कारागीर आंधळा आहे. दोन परक्या भाषांत धडे गेले. त्या लिप्या मला वाचता येत नाहीत, पण मधे बाबांची वर्तुळं ओळखू येतात.

ते बघून मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. खोलीत कुणी नव्हतं. मोठं माणूस आलं की आपण उठतो ना, तशी उठले.

शेजारी मोटरीच बांधणारे वाइंडरकाका मात्र रस्त्यातच अडवून बोलले. "तुझा बाप वही उशाखाली घेऊन झोपायचा, आणि तू ती चव्हाट्यावर मांडलीस. उद्या माझ्याकडे कोण येणार?"

"काका, तुम्हीही घ्या की उतरवून."

"घेतली केव्हाच. फुकट ते पौष्टिक."

आणि एक. दोघा जणांनी लिहिलंय, वहीप्रमाणे बांधलेली मोटर जरा गरम राहते. मी कळवलं, तारेची जाडी तपासा. लोक हलकी तार वापरतात आणि वहीला नावं ठेवतात.

तुमच्या गोदीत इंटरनेट असेलच. पत्राच्या मागे पानाचा पत्ता लिहिलाय. नाव विचारत नाही, पासवर्ड नाही, कुणाची परवानगी नाही. वाटलं तर बघ. बाबांची वर्तुळं आहेत तिथे.

तुझी,
धाकटी

१७ फेब्रुवारी

दादा,

एका मोटरीचा धूर झाला. माझ्या आकड्यांनी.

काल आमच्या खोलीच्या फोनवर एका बाईंचा निरोप आला, बोललेला. मी तो इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. जसाच्या तसा लिहिते.

"पोरी, मी डोंगरावरच्या वस्तीतून बोलतेय. तुझ्या मावशीच्या वयाची असेन, मावशी म्हण. नवरा मोटरी बांधायचा. तो गेला, दुकान राहिलं. शटर उघडून बसले, तुझे धडे लावले आणि शिकले. तीन पंखे जमले. मग वस्तीच्या पाण्याचा पंप आला. आधीच्या कारागिराने जुनी तार कापून भंगारात घातलेली, मोजायला काही उरलं नव्हतं. म्हणून तुझ्या वहीतून बांधला. पान अठ्ठ्याऐंशी. शेहेचाळीस वेढे. नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी धूर. मी चुकले असेन तर सांग, मी ऐकून घेईन. पण आकडा चुकला असेल तर तूही कबूल कर. तारेचं एकच रीळ उरलंय. साठ घरं माझ्या तोंडाकडे बघतायत. टँकर येतो एक दिवसाआड. महिना-दीड महिना कळ काढू. लोक म्हणतात, फुकटचं शिकली आणि पाणी घालवलं."

शेवटी जरा थांबून म्हणतात, "रागावले नाही हं. पंख्यांचं शिकवलंस ते शिकवलंसच."

त्यांनी पाठवलेले फोटो मी बारकाईने तपासले. तार बरोबर, खाचा बरोबर, बांधणी माझ्यापेक्षा सुबक. त्या चुकलेल्या नाहीत.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "वही आजच्या आज खाली काढ."

"बाई, चार हजार लोकांनी आधीच उतरवलीय."

"मग चार हजारांना सांग, थांबा. चूक फुकट वाटली म्हणून ती लहान होत नाही. आणि दीड महिन्यात खरा आकडा सापडला नाही, तर धडेही जातील. मी लोकांना अर्धवट पुस्तक देत नाही."

मी सगळ्यांना कळवलं. पानावर तांबड्या अक्षरात लिहिलं: 'आकडे वापरू नका. चूक आमची आहे.' ज्या दोघांना तार तपासायला सांगितलं होतं त्यांची माफी मागितली. एकाने उत्तर पाठवलं, 'मी तार तीनदा तपासली होती, मॅडम.' त्या 'मॅडम'ने जाळलं मला.

वाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी पान बघितलं, ओठ मुडपले. "आकडे कमी पडतायत एवढं मला दिसतंय. दरेक पानावर कमी. पण कितीने, ते तुझ्या बापाच्या दुकानात बसलेल्यालाच ठाऊक. प्रत्येकाची मोजणी वेगळी असते, बाळ. माझी वही तुला कळणार नाही."

बाबांना विचारलं. पान अठ्ठ्याऐंशी समोर धरलं. चार वर्तुळं, सहा रेघा. "बाबा, चार दहा आणि सहा, बरोबर?" टक, टक. "नक्की?" टक, टक. म्हणजे बाबा म्हणतात बरोबर, मोटर म्हणते चूक, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

मी दुकान डोळ्यांसमोर आणते. बाबा फर्म्याचं हँडल फिरवतायत. मी स्टुलावर, डोळे घट्ट मिटून मोठ्याने मोजतेय. गाडी गेली, गिऱ्हाईक आलं तरी चुकायचं नाही, म्हणून डोळे मिटायचे. बाबा मला 'मोजणीदार' म्हणायचे. तू फळीपाशी, दोन खिळ्यांच्या मधे. दहा झाले की एक वायसर, ती भोकाची लोखंडी चकती, या खिळ्यावरून त्या खिळ्यावर. आम्ही तुला 'वायसर' म्हणून चिडवायचो. दोनशे बारा मोटरी आपण तिघांनी अशाच बांधल्या. माझ्या मोजण्यात खंड नव्हता, दादा. मग चुकलं कुठे?

तुला माहीत असेल तर सांग. माझ्यासाठी नको सांगूस. साठ घरं आहेत.

धाकटी

२१ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र टाकून आले आणि पायरीवरच बसले. तुझ्याकडे काही मागायच्या आधी जे द्यायचं होतं, ते मी अजून दिलेलं नाही. सगळं जग फुकट शिकावं म्हणून भाषणं करते, आणि माझ्या शिक्षणाची किंमत कुणी दिली ते सांगत नाही. आज सांगते.

त्या दिवशी साइट बंद नव्हती.

तुझ्या तंत्रशाळेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. तू बाबांबरोबर गिरणीची मोठी मोटर बांधत होतास, हात वार्निशने भरलेले. तू कागद माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, "तुला येतं ना त्यातलं, भर." इंटरनेटच्या दुकानात ही गर्दी. दुकानदार एका माणसाला एकच तास बसू देत होता. माझ्या पिशवीत माझाही कॉलेजचा अर्ज होता. त्याला अजून चार दिवस होते. चार दिवस, दादा.

मी माझा आधी भरायला घेतला. दहा मिनिटांत होईल म्हणून. पुन्हा नंबर लागला नाही तर काय, या भीतीने. मग फोटो मोठा आहे म्हणून तो घेईना. लहान केला तर लहान आहे म्हणून घेईना. मला ते करायला येत नव्हतं. घरात सगळ्यांना वाटायचं मला येतं, आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं की मला जेमतेम येतं. पन्नास मिनिटं गेली. तुझा अर्ज उघडला, तुझं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि दुकानदाराने खांद्यावर टकटक केलं. मी विनवण्या केल्या. मागे वीस माणसं उभी होती. माझ्यासारखीच.

घरी आले तेव्हा तू हात पुसत दारात आलास. "झाला?" मी म्हटलं, "साइट बंद होती." इतकं सहज आलं ते तोंडातून. पुढच्या वर्षी तुझं वय बसणार नव्हतं. बाबा तुला म्हणाले, "हौस असती तर स्वतः रांगेत उभा राहिला असतास." मी त्या वेळी खोलीत होते. मी ताटं मांडत होते. मी काहीही बोलले नाही. तू तुझी सगळी हत्यारं घेऊन घर सोडून गेलास आणि वायसरची फळी तेवढी ठेवलीस.

आमच्या दारावरची पाटी. 'वेळेचं बंधन नाही.' आता कळलं, ती कुणासाठी आहे?

आई-बाबांना काल सांगितलं. आई बोलत नाहीये. बाबांनी एकदाही टकटक केलं नाही.

साठ घरांचं उत्तर याच्याशी बांधू नकोस, एवढंच मागते. माझ्यावरचा राग वेगळा ठेव. तो ठेवायचा तुला हक्क आहे.

धाकटी

२९ मार्च

प्रिय दादा,

पाच आठवडे मी दररोज टपालवाल्याची वाट बघितली. आणि उत्तर दुसऱ्याच दाराने आलं.

आमच्या प्रत्येक धड्याखाली एक रकाना असतो: 'चूक दिसली? सुधारा.' कुणीही लिहू शकतं, नाव न देता. गेल्या सोमवारी सकाळी मी आले, अठ्ठ्याऐंशीव्या पानाखाली एक दुरुस्ती पडली होती. इथे उतरवते, जरी तुला ती पाठ असली तरी:

'मोजणीदारास कळवावे. दहा म्हटल्यावर मोजणी थांबते, हात थांबत नाही. वायसर सरकेपर्यंत एक वेढा आणखी जातो. तो मुका वेढा. एका वर्तुळाचे दहा नव्हेत, अकरा. मोजणीदार डोळे मिटून बसायची, तिला दिसला नसणार. चार वर्तुळं सहा रेघा म्हणजे पन्नास. तार बरोबर आहे. लोकांना उगाच तार तपासायला लावू नये.'

मोजणीदार. हा शब्द जगात चारच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यांतली तीन आमच्या घरात होती.

मी ग्रंथपालबाईंना दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं. "कोण आहे हा?"

"वायसर," मी म्हटलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "एकदा पोळलोय. रीळ एकच आहे. खात्री कर."

म्हणून दुकान उघडलं. शटर वर करायला वाइंडरकाका आले. गंजलं होतं, त्यांनी शिव्या घालत तेल घातलं. फर्मा आणि हँडल घरी आणलं, खाटेच्या बाजूला फळीवर घट्ट बसवलं. वायसरची फळी दुकानात असायची तशीच, बाबांच्या डाव्या अंगाला टेकवून ठेवली. त्यांच्या डाव्या हातात हँडल दिलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू विचारतायत, इतके दिवस काय करत होतीस?

मी मोजायला लागले. या वेळी डोळे उघडे ठेवून.

डावा हात, तोही म्हातारा; पण तार ताणून धरल्यासारखी लय. आठ. नऊ. दहा. मी थांबले. हात थांबला नाही. सावकाश आणखी एक वेढा गेला, आवाज न करता, आणि मग थांबला. बाबांनी मान वळवून फळीकडे बघितलं.

तिथे कुणी नव्हतं. ते बघत राहिले. हँडल धरून, वायसर सरकायची वाट बघत. मला वाटलं आता विसरतील, हात खाली जाईल. नाही गेला. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "अगं, सरकव ना." मी हात लांब करून वायसर सरकवला, तेव्हा कुठे बाबा फिरवायला लागले.

दोनशे बारा मोटरी मी मोजल्या आणि दर दहाला एक वेढा माझ्या नाकासमोरून जात होता. मी जे बोलले तेच वहीत आलं. जे तुम्ही दोघं हातांनी जाणत होतात ते आलंच नाही. मला वाटायचं, ज्ञान खुलं करायचं म्हणजे लिहून ठेवायचं आणि दार उघडायचं. बसले आहे आणि विचार करते आहे, अजून किती मुके वेढे असतील, किती माणसांच्या हातांत, किती दुकानांत, जे कुणी मोजलेच नाहीत. मला भीती वाटत नाही त्याची. छाती भरून येते.

त्याच दुपारी डोंगरावरच्या मावशींना पन्नास कळवले. त्या म्हणाल्या, "नक्की ना गं?" मी म्हटलं, "माझ्या भावाने सांगितलंय." त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे." तुला न ओळखता!

काल रात्री त्यांनी मोटर लावली, आज सकाळी निरोप आला. मागे पाण्याचा आवाज होता, आणि माणसांचा गलका. "पोरी, रात्रभर चालू आहे. पाठीवर हात ठेवून बसलेय. ताप उतरलेल्या लेकरासारखी गार आहे बघ. तुझ्या भावाला सांग, साठ घरांनी पाणी भरलं."

सांगितलं.

दोनशे बारा पानं नव्याने मोजून लावलीत. एका दिवसात नऊशे जणांनी बदललेली प्रत घेतली. बेटावरून चक्कीवाल्याने लिहिलंय, 'तरीच आमचं पीठ गरम पडायचं!' प्रत्येक धड्याच्या वर मी आता एक ओळ लिहिली आहे: 'तुमच्या हाताला माहीत असलेलं आम्हाला माहीत नसेल. सांगा.' ग्रंथपालबाईंनी फक्त एक स्वल्पविराम हलवला. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

त्या अर्जाच्या पत्राबद्दल तू काही लिहिलं नाहीस. लिहायलाच हवं असं नाही.

तुझी,
मोजणीदार

१० एप्रिल

प्रिय दादा,

दर गुरुवारी मी आमच्या खोलीच्या मोटरबांधणीच्या मोफत अभ्यासक्रमाचे अर्ज तपासते. घरबसल्या शिकायचं, परीक्षा जवळच्या कुठल्याही केंद्रावर द्यायची, पास झालं की रीतसर प्रमाणपत्र. कागदावरचा हेल्पर कागदावरही कारागीर होतो. अर्ज मीच तयार केलाय. सगळ्यात वर ठळक अक्षरात दोन ओळी: 'शेवटची तारीख नाही. वयाची अट नाही.' फोटो कितीही मोठा असला तरी तो घेतो. त्यासाठी मी तीन दिवस भांडले होते.

आज चाळीस अर्ज होते. मी चहा पीत एकेक बघत होते. सत्ताविसावा उघडला आणि कप खाली ठेवला.

नाव: तुझं. शिक्षण: दहावी. सध्याचं काम: गोदीत हेल्पर. अनुभव: 'वायसर सरकवण्यापासून.' अर्ज कुणी भरला: 'स्वतः.' फोटोत तू जाड झालायस, आणि बाबांसारखा उजवा डोळा बारीक करतोस.

शेवटचा प्रश्न मीच घातलाय, आधी कुणाची संधी हुकली असेल तर कळावी म्हणून: 'यापूर्वी कुठे अर्ज केला होता का? त्याचं काय झालं?'

तू लिहिलंयस: 'एकदा. साइट बंद होती.'

मी ती ओळ किती वेळ वाचली ते सांगत नाही. तुला सगळं ठाऊक आहे. माझं पत्र तुला मिळालंय. आणि तरी तू तेच लिहिलंस, तीन शब्द, माझेच. यात तू माझा कान धरलायस की डोक्यावर हात ठेवलायस, मला ठरवता आलं नाही. तू लहानपणीही दोन्ही एकदम करायचास.

अर्ज छापून घरी नेला. आईला वाचून दाखवला. सात आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ती म्हणाली, "कागद दे इकडे," आणि माझ्या प्रमाणपत्राच्या शेजारी खिळा ठोकायला घेतला. मी म्हटलं, "आई, अगं नुसता अर्ज आहे, अजून पास व्हायचाय तो." आई म्हणाली, "तुला काय कळतंय, तू मोज." बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मग त्यांनी टकटक केलं. दोनदा. कुणी काही विचारलं नव्हतं.

मी परत खोलीत आले. अर्जाखाली तपासणाऱ्याने शेरा लिहायचा रकाना असतो. तिथे लिहिलेलं कायमचं राहतं, खोडता येत नाही. हा नियमही माझाच. लॉन्ड्रीतल्या काकू बाजूच्या संगणकावर नातवासाठी गणित शिकत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, एवढी का थांबलीस? अडलंय का काही?"

"नाही काकू, निघालं."

आणि मी शेरा लिहिला: 'साइट चालू होती. चूक अर्ज भरणाऱ्या बहिणीची. अर्ज सहा वर्षं उशिरा पोहोचला. प्रवेश मंजूर.'

तुझी,
मोजणीदार